कार्बोरेटर बदलण्याआधी

सकाळी चोक ओढल्याशिवाय गाडी सुरू होत नाही, अमरावतीच्या राजकमल चौकात थांबली की बंद पडते आणि बडनेरा रोडला लागून जरा दाबली की झटके मारते. ज्यांच्या घरी कार्बोरेटरची मारुती ८००, ओम्नी किंवा प्रीमियर पद्मिनी अजून आहे, त्यांना ही लक्षणं समजावून सांगायला नकोत. गॅरेजमधलं निदानही ठरलेलं असतं: ‘कार्बोरेटर गेला साहेब, नवा टाका.’ मग शोध सुरू होतो. अमरावतीत विचारपूस, अकोल्याला एक चक्कर, नागपूरला फोन, मुंबईतल्या भाच्याला कुर्ल्याच्या बाजारात पाठवणं. एवढी यातायात करून आणलेला चकचकीत कार्बोरेटर बसवल्यावर गाडी आधीपेक्षा वाईट चालते, असंही पुष्कळदा घडतं.

जुना काढला आणि नवा लावला, इतका कार्बोरेटरचा मामला सोपा नाही. तो एका विशिष्ट इंजिनाच्या मापाने घडवलेला असतो. म्हणून बदली शोधायला निघण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं हवीत. जुना खरोखर गेला आहे का? आणि गेला असेल, तर त्याच्या जागी नेमकं काय बसेल? हे दोन प्रश्न नीट विचारले तर अर्ध्याहून अधिक खर्च आणि मनस्ताप वाचतो.

गाड्या थांबल्या, गरज उरली

मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डी तयार होत होती. तीच १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली गेली. तिचं इंजिन १०८९ सीसीचं आणि त्यावर सोलेक्सचा कार्बोरेटर. सोलेक्स मूळचा फ्रेंच. भारतात तो मद्रासची कार्बोरेटर्स लिमिटेड ही कंपनी परवान्याने बनवायची. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली आणि ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन मध्यमवर्गीय घरांच्या दारात आलं. त्यावरचा कार्बोरेटर जपानच्या मिकुनी पद्धतीचा. तो इथे बनवण्यासाठी १९८५ मध्ये त्याच मद्रासच्या कंपनीने मिकुनीच्या सहकार्याने युकॅल ही कंपनी उभी केली. म्हणजे पद्मिनीचा सोलेक्स काय किंवा ८०० चा मिकुनी काय, वऱ्हाडच्या रस्त्यांवरच्या या दोन्ही गाड्यांच्या कार्बोरेटरचं माहेर एकच.

पुढे प्रदूषणाचे नियम कडक झाले. १ एप्रिल २००० पासून ‘इंडिया २०००’ हा मापदंड देशभर लागू झाला. त्याच सुमारास मारुती ८०० ला एमपीएफआय म्हणजे इंजेक्शनची प्रणाली आली आणि पद्मिनीचं उत्पादनही थांबलं. ८०० हे मॉडेल जानेवारी २०१४ पर्यंत तयार होत राहिलं, पण कार्बोरेटरची ८०० बंद होऊन आता दोन तपं उलटली आहेत. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचा बीएस-६ हा मापदंड आल्यावर नव्या दुचाकींवरूनही कार्बोरेटर गेला. त्यामुळे सुटे भाग दुर्मिळ झाले, आणि कार्बोरेटर खोलून नीट जुळवणारे हातही दरवर्षी कमी होत चालले आहेत.

आत काय चालतं

कार्बोरेटरचं काम एका ओळीत सांगता येतं: हवेत पेट्रोल योग्य प्रमाणात मिसळणं. हे प्रमाण वजनाने मोजतात. एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ भाग हवा लागते. आकारमानात बघायचं तर एक लिटर पेट्रोलमागे इंजिन साधारण नऊ हजार लिटर हवा ओढतं. एवढ्या हवेत एवढंसं पेट्रोल अचूक सोडायचं, तेही कुठल्याही संगणकाशिवाय, फक्त भोकांच्या आकारावर.

ही किमया निमुळत्या गळ्यात घडते. इंजिन हवा ओढतं तेव्हा ती या गळ्यातून वेगाने जाते. वेग वाढला की तिथला दाब उतरतो. इटालियन शास्त्रज्ञ व्हेंच्युरी यांच्या नावाने हा गळा ओळखला जातो. शेजारच्या वाटीत पेट्रोल साठलेलं असतं आणि त्यावर नेहमीच्या हवेचा दाब असतो. दाबातल्या या फरकामुळे पेट्रोल जेटमधून वर ढकललं जातं आणि तुषारांच्या रूपात हवेत मिसळतं. १८९३ मध्ये जर्मनीच्या विल्हेल्म मायबाख यांनी तुषार उडवणारा असा कार्बोरेटर बनवला. पुढची शंभर वर्षं तत्त्व तेच राहिलं.

वाटीतली पातळी कायम राखायला फ्लोट आणि त्याची पिन असते. गाडी उभी असताना इंजिन हळू चालावं म्हणून स्लो जेट, रस्त्यावरच्या चालीसाठी मेन जेट, ॲक्सिलरेटर एकदम दाबला तर जादा पेट्रोलची पिचकारी मारणारा छोटा पंप, आणि थंड इंजिनासाठी हवा अडवणारा चोक. हे भाग ओळखीचे झाले की लक्षणांवरून दोष कुठे आहे याचा अंदाज येतो. गाडी स्लोला राहत नाही, तर स्लो जेट तुंबलेला असू शकतो किंवा कुठून तरी चोरटी हवा शिरते आहे. दाबल्यावर गाडी क्षणभर दम खाते, तर पंपाचा डायफ्राम तपासावा. पेट्रोलचा वास येतो, बाहेरून ओल दिसते, तर पिन किंवा फ्लोट.

जेटवर बारीक अक्षरांत एक आकडा कोरलेला असतो. सोलेक्सच्या जेटवर ११५ असेल तर भोकाचा व्यास १.१५ मिलिमीटर. १२५ चा जेट म्हणजे १.२५ मिलिमीटर. फरक एक दशांश मिलिमीटरचा, डोळ्यांना दिसणारही नाही. पण भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे १२५ मधून सुमारे १८ टक्के जास्त पेट्रोल जाईल. ‘जवळपास तोच’ म्हणून गळ्यात मारलेला कार्बोरेटर गाडीला का मानवत नाही, याचं उत्तर या एका हिशेबात आहे.

दोष दुसऱ्याचा, शिक्षा कार्बोरेटरला

जुन्या फिटर मंडळींची एक शिस्त असायची: आधी करंट, मग पेट्रोल, सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. ती आजही पाळावी. पॉइंट जळलेला असेल, कंडेन्सर कमजोर असेल, प्लगमधलं अंतर वाढलं असेल किंवा टायमिंग हललेलं असेल तर गाडी तसेच झटके मारते. त्यानंतर पेट्रोलची वाट तपासायची. टाकीत गंज, तुंबलेला फिल्टर, थकलेला पेट्रोल पंप आणि तडकलेली रबरी नळी, यांतलं काहीही असलं तरी खापर कार्बोरेटरवरच फुटतं.

गॅस किट बसवलेल्या गाड्यांचं प्रकरण जरा वेगळं. अनेक ८०० आणि ओम्नी वर्षानुवर्षं एलपीजीवर चालल्या. तेवढा काळ कार्बोरेटरची वाटी कोरडी राहिली, डायफ्राम आणि वॉशर कडक झाले, आत उरलेल्या पेट्रोलचा चिकट थर जेटमध्ये बसला. अशी गाडी पुन्हा पेट्रोलवर आणली की ती कुरकुरणारच. तिला बहुतेक वेळा नवा कार्बोरेटर लागत नाही, पूर्ण सफाई आणि डायफ्राम-वॉशरचं नवं किट लागतं.

कार्बोरेटर खरोखर झिजला आहे का, हे पाहण्याची सोपी कसोटी आहे. गाडी बंद असताना थ्रॉटलच्या शाफ्टचं टोक चिमटीत धरून वरखाली हलवून बघा. खडखड जाणवली तर शाफ्टची भोकं मोठी झाली आहेत. मग इंजिन स्लोला चालू ठेवून शाफ्टच्या टोकाशी इंजिन ऑइलचे दोन थेंब सोडा. अडखळणारं इंजिन क्षणभर सुधारलं, तर तेलाने फट बुजवली आणि हवा तिथूनच शिरत होती, हे सिद्ध झालं. पेट्रोल किंवा दुसरं पेटणारं काही तिथे फवारू नका. तापलेल्या इंजिनाशी असा खेळ जिवावर बेततो.

वऱ्हाडचं ऊन, चिखलदऱ्याची चढण

अकोला-अमरावतीचा मे महिना कार्बोरेटरची परीक्षा घेतो. पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त तापमान असतं. पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंशांनाच उकळू लागतात. धावत्या गाडीत थंड पेट्रोल सतत येत राहतं, पण गाडी उभी केली की इंजिनाची धग वर चढते आणि वाटीतलं पेट्रोल उकळून गळ्यात सांडतं. पंपात आणि नळीत वाफ धरते ते वेगळंच. म्हणून भरदुपारी दहा मिनिटं उभी राहिलेली गाडी सुरू होत नाही, आणि पंपावर ओलं फडकं ठेवलं की सुरू होते.

इथे एका दुर्लक्षित भागाचं महत्त्व कळतं. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये उष्णता अडवणारा जाड ठोकळा असतो. दुरुस्तीच्या घाईत कुणी तो काढून नुसतं पातळ पॅकिंग लावतं. पुण्या-नाशिकच्या हवेत हे कदाचित खपून जाईल, वऱ्हाडात नाही. बदली कार्बोरेटर घेताना हा ठोकळा शाबूत आहे ना आणि नव्या भागाच्या भोकांशी जुळतो ना, हे आधी बघा.

ऊन हवाही विरळ करतं. डिसेंबरच्या पहाटेच्या १५ अंशांच्या तुलनेत मेच्या दुपारच्या ४५ अंशांत हवेची घनता नऊ-दहा टक्क्यांनी कमी असते. अमरावती समुद्रसपाटीपासून सुमारे ३४० मीटरवर आहे, चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर. परतवाड्याहून घाट चढून वर पोचेपर्यंत हवा सात-आठ टक्क्यांनी विरळ होते. म्हणजे मेच्या दुपारी अकोल्यात गाडी चालवणं, कार्बोरेटरच्या दृष्टीने, हिवाळ्यातल्या पहाटेपेक्षा एक आख्खा घाट वर चढल्यासारखं आहे. हवा विरळ झाली तरी जेटचं भोक तेवढंच राहतं, मिश्रण दाट होतं, गाडी जड वाटते, काळा धूर येतो. थंडीत पहाटे ट्युनिंग करून घेतलेली गाडी उन्हाळ्यात वेगळी वागते ती याचमुळे. ट्युनिंग इंजिन पूर्ण गरम असताना आणि आपण गाडी एरवी चालवतो त्या वेळेला करावं.

पेट्रोलच बदललं आहे

आणखी एक कारण गेल्या काही वर्षांतलं. २०२२ मध्ये देशभरातल्या पेट्रोलमध्ये सरासरी दहा टक्के इथेनॉल मिसळलं गेलं. २०२३ पासून वीस टक्क्यांचं म्हणजे ई-२० पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र झालं. इथेनॉलच्या रेणूत आधीच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलचं १४.७ चं प्रमाण ई-२० साठी साधारण १३.५ वर येतं. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर ही तूट ओळखून इंधन वाढवतो. कार्बोरेटरला हे कळायला मार्ग नाही. तो पूर्वीइतकंच सोडतो आणि मिश्रण आठ-नऊ टक्क्यांनी पातळ होतं. गाडी झटके मारते, तापते, मागे फटके फुटतात. लोक समजतात कार्बोरेटर गेला.

यावरचा उपाय पुन्हा त्या भोकाच्या हिशेबात सापडतो. ११५ च्या जागी १२० चा जेट टाकला तर भोकाचं क्षेत्रफळ जवळपास नऊ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे जेवढी तूट तेवढीच भर. अर्थात प्रत्येक गाडीचा मूळ जेट वेगळा आणि इंजिनाची अवस्था वेगळी, त्यामुळे एक पायरी वाढवून बघावी आणि प्लगचा रंग पाहून ठरवावं. पण शे-दोनशेच्या आसपासच्या पितळी तुकड्याने काम भागत असेल तर हजारो रुपयांचा नवा भाग कशाला घ्यायचा?

इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि ठिसूळ करतं. हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि हे पाणी पुढे टाकीत नि वाटीत गंज धरतं. म्हणून किट टाकताना पिनचं टोक, डायफ्राम आणि नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या, शक्य तर व्हायटॉन रबराच्या घ्याव्यात. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करून ठेवावी.

जुनाच वाचवायचा तर

माझं स्पष्ट मत आहे: मूळ कंपनीचा कार्बोरेटर तडकलेला नसेल, तर तो भंगारात टाकू नये. त्याचं अंग, त्याची माप घेतलेली भोकं, हवेचे आतले बारीक मार्ग हे त्या इंजिनासाठी घडवलेले आहेत. स्वस्त नकलेत ओतकामाचा कस आणि भोकांची अचूकता यांची खात्री नसते.

नीट सफाई म्हणजे नुसतं पेट्रोलमध्ये बुडवून फुंकर मारणं नव्हे. सगळे जेट काढायचे, प्रत्येकाचा आकडा आणि जागा कागदावर लिहायची, मग क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा. जेटमध्ये तार घालायची नाही, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि जेट कायमचा बिघडतो. झाकण आणि बूड यांची सपाटी स्टीलच्या पट्टीवर धरून उजेडात बघायची. स्क्रू आवळून आवळून मिश्रधातूचं अंग वाकलेलं असतं आणि फटीतून उजेड दिसतो. काचेवर पॉलिश पेपर ठेवून हलक्या हाताने घासलं की ती सपाट होते.

शाफ्ट झिजला असेल तर त्याला बुश टाकता येतो. या कामासाठी वऱ्हाडाबाहेर जायची गरज नाही. कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगने आणि अकोल्याच्या डाळ मिलांनी या भागात लेथ चालवणारे कुशल कारागीर घडवले. यंत्राचा घसलेला भाग पुन्हा मापात आणणं हा त्यांचा रोजचा धंदा आहे. अशा कारागिराला शाफ्ट आणि कार्बोरेटरचं अंग दोन्ही द्या, बुश पितळेचा सांगा, आणि थ्रॉटलची चकती बंद स्थितीत अडकत नाही हे समोर फिरवून बघा.

बदलायचाच असेल तर

अंग तडकलं असेल, आतले मार्ग गंजून बुजले असतील किंवा कुणी जेटची भोकं वाढवून ठेवली असतील, तर बदली शोधावी लागते. तेव्हा नावावर जाऊ नका, मापावर जा. जुना कार्बोरेटर सोबत घ्या. तो नेणं शक्य नसेल तर पट्टी शेजारी ठेवून चारही बाजूंनी फोटो काढा. दुकानात पुढच्या गोष्टी पडताळून बघा: अंगावर कोरलेला नंबर, बुडाच्या बोल्टमधलं अंतर, थ्रॉटलच्या भोकाचा व्यास, एक भोक की दोन, ॲक्सिलरेटरची केबल कुठल्या बाजूने येते, पेट्रोलची नळी कुठे लागते, परतीची नळी आहे का, डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी व्हॅक्युमची नळी कुठे आहे, आणि गाडी बंद करताच पेट्रोल तोडणारा सोलेनॉइड आहे का.

ओम्नीचं इंजिनही ७९६ सीसीचंच, म्हणून ८०० साठी तिचा कार्बोरेटर सुचवला जातो आणि अनेकदा जमतोही. पण वर्ष बघा. एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत नळ्यांची जोडणी वेगळी असू शकते. जिप्सी, झेन आणि एस्टीमची इंजिनं वेगळ्या सीसीची. त्यांचे कार्बोरेटर ८०० वर ‘ॲडजस्ट’ करून देतो म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्या.

शोध जवळून सुरू करावा. अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर, परतवाडा अशा गावांतल्या जुन्या स्पेअरपार्टच्या दुकानांत न विकलेला मूळ माल पडून असण्याची शक्यता असते, आणि पॅक डब्यातला असा भाग नव्या नकलेपेक्षा दसपट मोलाचा. त्यानंतर नागपूर. मग मुंबईत कुर्ला, दिल्लीत काश्मिरी गेट आणि मायापुरी, चेन्नईत पुदुपेट. हे जुन्या गाड्यांच्या भागांचे देशातले मोठे बाजार. भंगारातून घेताना शाफ्टची खडखड आणि बुडाची सपाटी जागेवरच तपासा, आणि शक्य असेल तर एकच पूर्ण घेण्याऐवजी त्याच मॉडेलचे दोन जुने घ्या. एकाचं अंग, दुसऱ्याचे आतले भाग, असा एक उत्तम कार्बोरेटर उभा राहतो. कुरिअरने मागवायचा असेल तर पैसे देण्याआधी नंबरचा आणि बुडाचा स्पष्ट फोटो मागा.

बसवल्यावरची जबाबदारी

नवा असो की दुरुस्त केलेला, बसवून दिला म्हणजे काम संपत नाही. पॅकिंग नवी, बोल्ट सारखे आवळलेले, मग इंजिन गरम करून स्लो आणि मिश्रणाचा स्क्रू जुळवायचा. त्यानंतर हायवेने बडनेऱ्याहून मूर्तिजापूरपर्यंत एका चालीत जाऊन या आणि प्लग काढून बघा. टोक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर. काळं आणि काजळी धरलेलं, तर दाट. पांढरं पडलेलं, तर पातळ, आणि पातळ जास्त धोक्याचं, कारण त्याने व्हॉल्व्ह जळतात.

शेवटची तपासणी पीयूसीच्या यंत्रावर करावी, आणि ती नुसत्या शिक्क्यासाठी नको. बीएस-२ पूर्वीच्या चारचाकी पेट्रोल गाडीला स्लोवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम आहे. यंत्रावर आकडे दिसत असताना मिश्रणाचा स्क्रू फिरवून बघा. कार्बन मोनॉक्साइड एक-दीड टक्क्याच्या आसपास आणि इंजिन स्थिर, ही जुन्या गाडीची तब्येत उत्तम असल्याची खूण. पीयूसीच्या चिठ्ठीवर कार्बोरेटरचा नंबर, मेन जेट आणि स्लो जेटचे आकडे, फ्लोटची पातळी आणि तारीख लिहून ती गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. हे आकडे आज ज्या फिटरच्या डोक्यात आहेत, त्याला विचारूनच लिहा, आणि त्याच्या हाताखालच्या पोराला शेजारी उभं करा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करून गाडी जपणाऱ्याने ती धूर न सोडता चालवणं, हे आपल्या गावाच्या हवेचं देणं आहे. ते फेडायला दुर्मिळ भाग लागत नाही, मापात बसलेला जेट आणि नीट लिहून ठेवलेली नोंद पुरते.